मुखकर्करोगातील चयापचय निदर्शके: एलडीएच, अल्ब्युमिन आणि पेट स्कॅनचे आकडे आजाराच्या भवितव्याबद्दल काय सांगतात?

धागाकर्ता: जीवरसायन

दंतवैद्यक आणि वैद्यक या दोन्ही शाखांतील पदव्युत्तर प्रबंध तपासण्याचे काम माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यांत एक विषय किरकोळ फरकाने पुन्हा पुन्हा येतो: मुखकर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातील लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम), म्हणजेच एलडीएच, निरोगी व्यक्तींच्या तुलनेत वाढलेले असते काय? उत्तर बहुधा होकारार्थी येते, पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा हे सुचवणारा आकडा) समाधानकारक निघते, आणि अखेरीस ‘म्हणून एलडीएच हे पूर्वानुमानाचे उपयुक्त निदर्शक आहे’ असे वाक्य लिहिले जाते. माझा आक्षेप त्या ‘म्हणून’वर आहे. निरोगी माणूस आणि गालात चार सेंटिमीटरचा व्रण असलेला माणूस यांतील फरक ओळखण्यासाठी रक्ततपासणी लागत नाही, टॉर्च पुरतो. पूर्वानुमानाचा प्रश्न निराळा आहे: एकाच टप्प्यातील आणि सारखेच उपचार घेतलेल्या दोन रुग्णांपैकी कोणाचा आजार परतण्याची शक्यता अधिक आहे, हे त्या आकड्यावरून सांगता येते काय?

या सर्व निदर्शकांच्या मुळाशी ओटो वारबुर्ग यांचे १९२० च्या दशकातील निरीक्षण आहे. पुरेसा प्राणवायू उपलब्ध असतानाही कर्करोगाच्या पेशी ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन न करता मोठ्या प्रमाणावर लॅक्टेट तयार करतात, असे त्यांना आढळले. (त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र श्वसनातील विकरावरील कामासाठी, प्रबंधांत हे दोन मुद्दे सर्रास एकत्र केले जातात.) पेशींची तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारा भाग, मायटोकॉन्ड्रिया) बिघडल्यामुळे असे होते, हा त्यांचा निष्कर्ष पुढे बहुतांशी टिकला नाही. आज आपण असे मानतो की वेगाने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेबरोबरच नवी प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले घडवण्यासाठी कार्बनचा पुरवठा हवा असतो, आणि ग्लुकोजच्या विघटनातील मधले टप्पे तो पुरवतात. त्याखेरीज गाठीच्या आतल्या भागात प्राणवायू कमी पडला की एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन स्थिरावते आणि ग्लुकोज आत घेणारे ग्लुट-१, लॅक्टेट घडवणारे एलडीएच-ए, लॅक्टेट बाहेर टाकणारे एमसीटी-४ आणि आम्लतेचा तोल राखणारे कार्बोनिक अॅनहायड्रेज-९ या सर्वांचे उत्पादन वाढते. परिणामी गाठीभोवतीचा परिसर आम्लधर्मी होतो, आणि त्या आम्लतेत प्रतिकारक टी-पेशींचे काम मंदावते. अशा गाठी अधिक आक्रमक का असाव्यात याचे जीवशास्त्रीय स्पष्टीकरण त्यामुळे पटण्यासारखे आहे, आणि ग्लुट-१ चे रंजन (ऊतीतील प्रथिन रंगवून दाखवण्याची तपासणी) गडद असलेल्या गाठींच्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळल्याचे निष्कर्ष निरनिराळ्या देशांतून आलेले आहेत.

मात्र पटण्यासारखे स्पष्टीकरण आणि रुग्णालयात वापरता येईल असे निदर्शक यांत अंतर असते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २००१ मध्ये डोके-मान कर्करोगाच्या गाठींतील लॅक्टेट प्रत्यक्ष मोजले आणि ज्या गाठींत ते जास्त होते त्या रुग्णांत आजार दूरवर पसरण्याचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले. हे काम मला या क्षेत्रातील सर्वांत प्रामाणिक कामांपैकी एक वाटते, कारण त्यात गाठीतले लॅक्टेट गाठीतच मोजले होते. त्यासाठी ऊतीचा तुकडा काढताक्षणी गोठवावा लागतो, आणि ते सर्वत्र शक्य नसल्यामुळे आपण रक्तातील एलडीएचवर समाधान मानतो. रक्तातील एलडीएच यकृत, स्नायू, हृदय, फुप्फुसे आणि तांबड्या पेशी अशा सर्वांकडून येते. तांबड्या पेशींत ते रक्तद्रवाच्या कितीतरी पट असल्यामुळे तालुक्याच्या गावाहून उन्हातून मोटारसायकलवर आणलेल्या नमुन्यात थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. गालातील दोन सेंटिमीटरच्या गाठीचा वाटा या एकूण बेरजेत किती असेल, याचा विचार प्रबंधात क्वचितच दिसतो.

एलडीएच पूर्वानुमानासाठी निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. त्वचेच्या मेलॅनोमात आजार दूरवर पसरल्यानंतरच्या टप्पानिश्चितीत ते अधिकृतपणे वापरले जाते, वृषणाच्या कर्करोगात ते टप्प्याचाच भाग आहे, आणि १९९३ मध्ये मांडलेल्या लिम्फोमाच्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकातील पाच घटकांपैकी ते एक आहे. या तिन्ही ठिकाणी शरीरातील आजाराचा एकूण भार मोठा असतो आणि प्रश्नही त्या भाराचाच असतो. मुखकर्करोग बहुधा तोंडात आणि मानेत परततो. निदानाच्या वेळी दूरवर पसरलेला आजार तुलनेने थोड्यांतच आढळतो. त्यामुळे मेलॅनोमातील निष्कर्ष जसाच्या तसा गालाच्या कर्करोगाला लावता येत नाही.

त्यातच मुखकर्करोगात आपल्या हाती आधीपासून बरेच काही आहे. २०१८ पासून वापरात आलेल्या टप्पानिश्चितीच्या आठव्या आवृत्तीत गाठीच्या रुंदीबरोबर शिरकावाची खोलीही मोजली जाते. ५ मिमी आणि १० मिमी या तिच्या सीमारेषा आहेत. लसिका गाठीचे आवरण फोडून आजार बाहेर आला असल्यास टप्पा वर सरकतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीच्या कडा, मज्जातंतूभोवतीचा शिरकाव आणि बाधित गाठींची संख्या हे सर्व विकृतिशास्त्राच्या अहवालात नोंदलेले असते. नव्या निदर्शकाने या अहवालात नसलेली कोणती माहिती दिली, एवढाच माझा प्रश्न आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार, आहार आणि संख्याशास्त्र या क्षेत्रांतील सदस्यांनी आपापला अनुभव मांडावा, अशी विनंती आहे.

प्रतिसाद: गालफडे_शल्यक

धागा महत्त्वाचा आहे. मी शस्त्रक्रियेच्या बाजूने दोन मुद्दे मांडतो.

पाश्चात्त्य देशांत मुखकर्करोग म्हटला की जीभ आणि जिभेखालचा भाग डोळ्यांसमोर येतो, तर आपल्याकडे गाल आणि खालची हिरडी. तंबाखू-चुन्याची गोळी, मावा किंवा विदर्भातला खर्रा जिथे तासन् तास धरून ठेवला जातो तिथेच आजार उगवतो, आणि सुपारीमुळे गालाखालची ऊती तंतुमय होऊन तोंड उघडणे आधीच कमी झालेले असते. दोन बोटेही न मावणाऱ्या तोंडाने माणूस भाकरी खाऊ शकत नाही. तो अनेक महिने वरणभात, चहा आणि त्यात बुडवलेल्या बिस्किटांवर असतो. अशा रुग्णाचे अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) कमी आहे, कोलेस्टेरॉल कमी आहे, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी आहेत, हे खरेच. पण ती गाठीच्या चयापचयाची खूण मानायची की आखडलेल्या जबड्याची? मुखकर्करोगाच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल कमी असते असे सांगणारे भारतीय शोधनिबंध मी वाचलेले आहेत. त्यांतील बहुतेकांत तोंड किती मिलिमीटर उघडत होते याचा स्तंभच नाही.

दुसरा मुद्दा असा की अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट यांवरून काढला जाणारा पोषण-पूर्वानुमान निर्देशांक आता पुष्कळ ठिकाणी मोजला जातो. अल्ब्युमिनचा ग्रॅम प्रति डेसिलिटरमधील आकडा गुणिले १०, अधिक लिम्फोसाइटची एकूण संख्या गुणिले ०.००५, असे त्याचे सूत्र आहे. अल्ब्युमिन ३.२ आणि लिम्फोसाइट १५०० असतील तर निर्देशांक ३९.५ येतो, ४.० आणि २००० असतील तर ५०. म्हणजे बहुतांश वजन अल्ब्युमिनचेच. हे सूत्र जपानमध्ये ओनोदेरा आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पोट-आतड्यांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी मांडले होते, आणि शस्त्रक्रियेचा धोका ओळखणे हा त्याचा मूळ हेतू होता. निर्देशांक कमी असलेल्या रुग्णांत जखम उशिरा भरते, लावलेला फ्लॅप (जखम भरण्यासाठी दुसरीकडून आणलेली ऊती) अडचणीत येतो आणि किरणोपचार सुरू होण्यास विलंब होतो, हे मी पाहतो. शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आसपास किरणोपचार सुरू व्हावेत असा आमचा प्रयत्न असतो, आणि तो हुकला की आजार परतण्याचा धोका वाढतो. त्यामुळे कमी अल्ब्युमिन आणि कमी आयुर्मान यांचा संबंध असलाच तर तो काही अंशी या विलंबाच्या मार्गाने जातो. प्रबंधात तो संबंध थेट ‘गाठीच्या आक्रमकतेशी’ जोडला जातो, तेव्हा मलाही धागाकर्त्यासारखाच ‘म्हणून’ खटकतो.

निदर्शक कुठे हवे आहे हेही सांगतो. मानेत गाठ लागत नसलेल्या सुरुवातीच्या मुखकर्करोगात मानेची शस्त्रक्रिया आधीच करावी की गाठ दिसल्यावर, हा वाद टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने मिटवला: तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण आधी शस्त्रक्रिया केलेल्यांत ८० टक्के, तर वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के होते. परंतु आधी शस्त्रक्रिया केलेल्या अनेकांच्या मानेत अखेर काहीच सापडत नाही. त्यांना ओळखणारे निदर्शक कोणी दिले, तर खांद्याचे दुखणे आणि मानेवरचा व्रण वाचेल. निरोगी माणसांशी तुलना करणाऱ्या अभ्यासातून ते मिळणार नाही.

प्रतिसाद: अणुवैद्यक

वरील चर्चेत पेट स्कॅनचा उल्लेख शीर्षकातच राहिला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गाठीची ग्लुकोजची भूक प्रत्यक्ष शरीरात मोजणारी, रुग्णालयात सहज उपलब्ध असलेली तपासणी हीच आहे.

फ्लुओरिन-१८ जोडलेले ग्लुकोज शिरेतून दिले जाते. पेशी ते ग्लुट-१ मार्फत आत घेते, हेक्सोकायनेज विकर त्याला फॉस्फेट जोडते, आणि पुढची पायरी शक्य नसल्यामुळे ते पेशीतच अडकून पडते. फ्लुओरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्यामुळे साधारण तासाभराने चित्र घेतले जाते. सर्वांत तेजस्वी बिंदूवरील प्रमाणित शोषणमूल्य म्हणजे एसयूव्ही मॅक्स. गाठीच्या सक्रिय भागाचे आकारमान म्हणजे एमटीव्ही, आणि त्या आकारमानाला सरासरी शोषणमूल्याने गुणले की टीएलजी मिळते.

एसयूव्ही मॅक्स जास्त असलेल्या मुखकर्करोगाचे पूर्वानुमान वाईट, असे सांगणारे अभ्यास आहेत, आणि तसे नाही असे सांगणारेही आहेत. या मतभेदाचे एक कारण यंत्राच्या मर्यादेत आहे. स्कॅनची विभेदनक्षमता साधारणपणे चार ते सहा मिमी असते. तीन मिमी खोलीची गाठ कितीही भुकेली असली तरी तिचे शोषणमूल्य चित्रात प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसते. त्यामुळे लहान गाठींत एसयूव्ही मॅक्स हा आकडा अंशतः चयापचयाचा आणि अंशतः केवळ आकाराचा असतो. आकार तर टप्प्यात आधीच मोजलेला आहे. एमटीव्ही आणि टीएलजी यांचे निष्कर्ष तुलनेने अधिक सातत्याने जुळतात, हे मान्य करूनही मी म्हणेन की १० मिलिलिटरची, सरासरी शोषणमूल्य ६ असलेली गाठ आणि २० मिलिलिटरची, सरासरी ५ असलेली गाठ यांचे टीएलजी अनुक्रमे ६० आणि १०० येते. दुसरी गाठ कमी भुकेली असूनही तिचा आकडा मोठा आहे, म्हणजे इथेही आकारमानच जिंकले.

त्याशिवाय किडलेल्या दाताच्या मुळाशी असलेला पू, हिरड्यांचा दाह आणि नुकतीच केलेली बायोप्सी हे सर्व ग्लुकोज खातात. रक्तशर्करा २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर गाठीचे शोषण कमी दिसते. सुई दिल्यानंतर प्रतीक्षाकक्षात बसून रुग्णाने काही चघळले, तर चावण्याचे स्नायू चित्रात उजळून निघतात, आणि आपल्या रुग्णांपैकी काहींची चघळण्याची सवय निदानानंतरही सुटलेली नसते. एका केंद्रावरील आकडा दुसऱ्या केंद्राच्या यंत्रावरील आकड्याशी ताडून पाहणेही धोक्याचे आहे.

पेटचा खरा भक्कम उपयोग मला उपचारानंतर दिसतो. किरणोपचार संपल्यावर साधारण बारा आठवड्यांनी केलेल्या स्कॅनमध्ये असामान्य शोषण दिसले नाही, तर आजार शिल्लक नसण्याची शक्यता बरीच असते. ब्रिटनमधील २०१६ च्या चाचणीत ५६४ रुग्णांवर अभ्यास करून असे दाखवले गेले की रसायन-किरणोपचारानंतर सर्वांच्या मानेची शस्त्रक्रिया करण्याऐवजी स्कॅनवर लक्ष ठेवले तरी आयुर्मानात तोटा होत नाही. ते रुग्ण प्रामुख्याने घशाच्या मध्यभागाच्या कर्करोगाचे होते, आणि त्यांतील अनेकांचा आजार एचपीव्ही विषाणूशी निगडित होता, हे मात्र विसरू नये. आपल्याकडील गालाचा कर्करोग बहुतांशी तंबाखू आणि सुपारीचा आहे आणि त्यावर पहिला उपचार शस्त्रक्रियेचाच असतो. ‘डोके-मान कर्करोग’ या एका शीर्षकाखाली दोन्ही आजार मिसळून केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष म्हणून मी जपून वाचतो.

प्रतिसाद: रानजाई

मी डॉक्टर नाही, परंतु हा धागा लक्षपूर्वक वाचत आहे. माझ्या मोठ्या दिरांच्या डाव्या गालाची शस्त्रक्रिया ठरली आहे. स्कॅनच्या अहवालात एसयूव्ही मॅक्स १४ लिहिले आहे. हा आकडा पाहून घरातील एका नातेवाइकाने सांगितले की गाठ साखरेवर जगते, म्हणून साखर, भात आणि फळे पूर्ण बंद करावीत. गेल्या काही दिवसांपासून त्यांना फक्त भाज्यांचा रस दिला जात आहे आणि वजन स्पष्टपणे उतरले आहे. १४ हा आकडा फार वाईट आहे का, आणि साखर बंद केल्याने तो कमी होईल का, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद: ताटवाटी_आहारतज्ज्ञ

रानजाईताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. साखर आणि भात बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही. आहारातून ग्लुकोज मिळाले नाही तर शरीर ते स्वतः तयार करते. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारण एका दिवसात संपतो. त्यानंतर स्नायूंतील प्रथिने मोडून यकृत ग्लुकोज घडवू लागते. म्हणजे रसावर ठेवलेल्या माणसाचे स्नायू आटतात, आणि गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो. एवढेच नव्हे, तर गाठीने बाहेर टाकलेले लॅक्टेटही यकृत पुन्हा ग्लुकोजमध्ये बदलते. कोरी दांपत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चक्रात गाठीला प्रत्येक ग्लुकोजमागे दोन एटीपी (पेशीतील ऊर्जेचे चलन) मिळतात आणि यकृताला सहा खर्च करावे लागतात. हा भुर्दंड रुग्णाच्या शरीराने भरायचा असतो.

अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे आम्ही धरून चालतो. ५० किलोच्या माणसाला त्या हिशेबाने १२५० ते १५०० किलोकॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. भाज्यांच्या रसातून याचा छोटासा अंशही मिळत नाही. तोंड उघडत असेल तर मऊ खिचडीत तूप, दुधात शिजवलेली नाचणीची पेज, घट्ट दही, अंडे, शेंगदाण्याचे कूट घातलेले पातळ पदार्थ असे काहीही चालेल; उघडत नसेल तर नाकातून नळी घालण्याबद्दल शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा, त्यात संकोच करू नका. मात्र ते अनेक दिवस जवळजवळ उपाशी असतील तर आहार एकदम पूर्ण सुरू करू नये. दीर्घ उपवासानंतर अचानक भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतात, म्हणून तुमच्या रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना आजच भेटून हळूहळू वाढवण्याचा आराखडा घ्या. मधुमेह असेल तर गोड पदार्थांवर नियंत्रण हवेच, पण ते मधुमेहासाठी. गाठ मारण्यासाठी म्हणून नव्हे.

धाग्याच्या मूळ मुद्द्याबद्दल इतकेच म्हणते की पूर्वानुमानाचे सर्वांत स्वस्त चयापचय निदर्शक वजनकाटा आहे. सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन नकळत घटणे ही २०११ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार कर्करोगातील शरीरक्षयाची (कॅकेक्सियाची) खूण आहे. त्यासाठी पूर्वीचे वजन माहीत असावे लागते आणि बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर ती जागा बहुधा रिकामी असते. सीटी स्कॅनमध्ये तिसऱ्या मानमणक्याच्या पातळीवर स्नायूंचे क्षेत्रफळ मोजण्याची पद्धतही आता रुळते आहे. मुखकर्करोगाच्या बहुतेक रुग्णांचा मानेचा स्कॅन होतोच, त्यामुळे वेगळा खर्च नाही. अल्ब्युमिनपेक्षा मला ते मोजमाप अधिक विश्वासार्ह वाटते, कारण अल्ब्युमिन आहाराइतकेच दाहावरही अवलंबून असते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २० दिवसांचा आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या आठवड्यात अंडी खाऊ घालून ते वर येत नाही. एचबीए१सी (मागील काही महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा आकडा) बद्दलही सावधगिरी हवी: लोहाच्या कमतरतेत तो आकडा खोटा वाढतो, रक्त चढवल्यावर खोटा उतरतो, आणि आपल्या रुग्णांत या दोन्ही गोष्टी नित्याच्या आहेत.

प्रतिसाद: अणुवैद्यक

रानजाईताई, पहिल्या प्रश्नाबद्दल: १४ हा आकडा एवढेच सांगतो की गाठ सक्रिय आहे आणि स्कॅनमध्ये नीट दिसते आहे. त्यावरून एका व्यक्तीचे आयुष्य किती, असा हिशेब मांडता येत नाही. मानेतील गाठींबद्दल त्याच अहवालात काय लिहिले आहे आणि शस्त्रक्रियेनंतर विकृतिशास्त्राचा अहवाल काय येतो, हे उपचार ठरवताना कितीतरी अधिक महत्त्वाचे ठरेल. तोवर ताटवाटी यांनी सांगितले ते करावे.

प्रतिसाद: संभाव्य

मी संख्याशास्त्राचा माणूस असल्यामुळे या निदर्शकांच्या पेशीविज्ञानावर बोलणार नाही, परंतु ती ज्या पद्धतीने ‘सिद्ध’ होतात तिच्याबद्दल बोलणे आवश्यक आहे.

एलडीएच असो वा टीएलजी, शोधनिबंधात रुग्णांचे ‘जास्त’ आणि ‘कमी’ असे दोन गट केलेले असतात. ही सीमारेषा कोठून येते? बहुतेक वेळा त्याच रुग्णांच्या माहितीवर निरनिराळे छेदबिंदू लावून पाहिले जातात आणि ज्यावर दोन गटांच्या आयुर्मानाचे वक्र सर्वाधिक दूर जातात तो ‘इष्टतम’ म्हणून जाहीर केला जातो. डग्लस आल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवले होते की असे केल्याने प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना तो दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. म्हणूनच एका निबंधात पोषण निर्देशांकाची सीमा एक निघते, दुसऱ्यात दुसरी, आणि दोन्ही ठिकाणी निष्कर्ष ‘अत्यंत अर्थपूर्ण’ असतो. आकडा सलग असेल तर तो सलगच ठेवून विश्लेषण करावे. सीमारेषा हवीच असेल तर ती आधी ठरवावी आणि दुसऱ्या केंद्राच्या रुग्णांवर तपासावी.

दुसरे असे की अभ्यासाचे बळ रुग्णांच्या संख्येत नसून घटनांच्या संख्येत असते. ८० रुग्णांपैकी २५ जणांचा आजार परतला असेल, तर ढोबळ नियमाने दोन किंवा तीन घटकांपेक्षा अधिक घटक प्रतिमानात (सांख्यिकी मॉडेलमध्ये) घालता येत नाहीत. शिरकावाची खोली आणि लसिका गाठींची स्थिती हे दोन घातले की एक जागा उरते, आणि एवढ्या जागेत आठ निदर्शके कोंबलेली मी पाहिलेली आहेत. अशा अभ्यासांचे वृत्तांकन कसे करावे याचे रिमार्क नावाचे आंतरराष्ट्रीय निकष २००५ पासून उपलब्ध आहेत. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी ते विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्याच वर्षी द्यावेत.

आणखी एक भेद स्पष्ट असावा. ज्याच्यामुळे आजाराचे भवितव्य कळते ते पूर्वानुमानाचे निदर्शक, आणि ज्याच्यामुळे अमुक उपचाराचा लाभ अमक्याला होईल हे कळते ते उपचार-प्रतिसादाचे निदर्शक. दुसरे सिद्ध करण्यासाठी यादृच्छिक चाचणी लागते. ‘ग्लुट-१ वाढलेले आहे, म्हणून मेटफॉर्मिन (मधुमेहावरील औषध) द्यावे’ असे वाक्य या दोहोंची गल्लत करून लिहिले जाते.

प्रतिसाद: नवप्रबंधक

मी मुखविकृतिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे आणि माझा विषय अजून मंजूर व्हायचा आहे. खरे सांगायचे तर लाळेतील एलडीएच हाच विषय सुचवला गेला होता. आमच्या विभागात मागील अनेक वर्षांचे पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) जपून ठेवलेले आहेत. निधी थोडा आहे आणि हाती मोजकीच वर्षे आहेत. या मर्यादेत खरोखर उपयुक्त ठरेल असे काही करता येईल का?

प्रतिसाद: जीवरसायन (धागाकर्ता)

अवश्य करता येईल. लाळेचा विषय मुळात वाईट नाही. जपानमधील केइओ विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये २१५ व्यक्तींच्या लाळेतील चयापचयद्रव्ये मोजून मुख, स्तन आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगांत विशिष्ट बदल दाखवले, आणि त्यांत पॉलिअमाइन गटातील द्रव्ये ठळक होती. पण तो अभ्यास रुग्ण आणि निरोगी यांतील फरक ओळखण्याचा होता, आणि त्यासाठीही नमुन्याची वेळ, उपवास आणि हिरड्यांचा आजार यांची काटेकोर नोंद ठेवावी लागते. आपल्या रुग्णांच्या हिरड्यांची अवस्था पाहता लाळेतील एलडीएचचा मोठा वाटा हिरड्यांच्या दाहातूनच येईल, अशी मला भीती आहे. शिवाय आज लाळ गोळा केली तर तिचे उत्तर दोन-तीन वर्षांनी कळेल, आणि तोवर तुमची पदवी पूर्ण झालेली असेल.

ब्लॉकचा फायदा हा की त्या रुग्णांचे पुढे काय झाले ते आता ठरून गेलेले आहे. मी तुमच्या जागी असतो तर फक्त गाल आणि खालच्या हिरडीचे, पहिला उपचार शस्त्रक्रियेचा झालेले आणि मानेतील गाठी निर्दोष आढळलेले रुग्ण निवडले असते. त्यांच्या ऊतीत ग्लुट-१ आणि एमसीटी-४ या दोनच प्रथिनांचे रंजन करावे. वाचन गाठीच्या मध्यावर न करता शिरकावाच्या कडेवर करावे, कारण मध्यभागी मृत ऊतीच्या आसपास प्राणवायूच्या अभावाने ग्लुट-१ वाढलेलेच असते. तांबड्या पेशींच्या पटलावर ग्लुट-१ नैसर्गिकपणे असते, त्यामुळे रंजन नीट झाले की नाही याची खात्री त्याच काचपट्टीवर करता येते. एमसीटी-४ गाठीच्या पेशींत आहे की भोवतालच्या तंतुपेशींत, हे वेगळे नोंदवावे. सुपारीने तंतुमय झालेल्या गालात हा प्रश्न विशेष रोचक आहे आणि त्यावर आपल्याकडेच काम व्हायला हवे. दोन विकृतिशास्त्रज्ञांनी रुग्णाचे पुढे काय झाले हे न पाहता स्वतंत्रपणे गुण द्यावेत, आणि त्यांच्यातील सहमती किती आहे ते छापावे. संबंध आढळला नाही, तर ‘आढळला नाही’ असेच लिहावे. तसा प्रबंध मी आनंदाने उत्तीर्ण करीन.

प्रतिसाद: गालफडे_शल्यक

नवप्रबंधक यांना माझा एक व्यावहारिक सल्ला आहे. रंजनाचा खर्च काढण्यापूर्वी पाठपुराव्याचे रजिस्टर उघडा. मुखकर्करोग परततो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत, त्यामुळे किमान तेवढ्या काळाची नोंद नसलेला रुग्ण तुमच्या कामाचा नाही. शस्त्रक्रियेनंतर गावी गेलेल्या माणसाचा फोन बदलतो, आणि रजिस्टरमध्ये ‘शेवटची भेट’ एवढीच तारीख राहते. तो बरा झाला म्हणून आला नाही की गेला म्हणून, हे काचपट्टीवरून कळत नाही. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने १९८७ पासून कार्यकर्ते गावोगाव पाठवून माहिती मिळवली आहे. तेवढे मनुष्यबळ तुमच्याकडे नसेल, पण रुग्णालयाच्या नैतिक समितीची परवानगी घेऊन घरच्यांना फोन करणे आणि गावातील आशाताईंकडे चौकशी करणे शक्य आहे. आधी हे काम करा, किती रुग्णांची खरी माहिती हाती लागते ते पाहा, आणि मग संभाव्य यांना विचारा की तेवढ्या घटनांत किती निदर्शके बसतात.

प्रतिसाद: संभाव्य

पुनरुद्भवाच्या ३० घटना मिळाल्या तर शिरकावाची खोली, ऊतीच्या कडेचे अंतर आणि एक निदर्शक. २० मिळाल्या तर खोली आणि एक निदर्शक. म्हणून ग्लुट-१ आणि एमसीटी-४ यांपैकी मुख्य कोणते, हे रंजन करण्यापूर्वीच आराखड्यात लिहून ठेवावे.